पक्कड घ्यायला जाताना आपला गळ सोबत न्या



पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा. ३१ जुलैला बंदी संपते आणि १ ऑगस्टपासून आपल्या होड्या परत पाण्यात. पेडण्याच्या किनाऱ्यावर केरीपासून मोरजीपर्यंत जिकडे बघावं तिकडे सध्या जाळी शिवणं चाललंय, फायबरला पॅच मारणं चाललंय, इंजिनं मेकॅनिककडे रांगेत पडलीत. संस्थेच्या कार्यालयात रोज कोणी ना कोणी दोरी, बोया, शिसं यांचे दर विचारायला येतो. पण पकडीचा दर विचारायला अजून एकही माणूस आलेला नाही. म्हणून आम्हीच विषय काढतोय.

हसू नका. होडीवर लाखाच्या वर किमतीचं इंजिन, हजारोंची जाळी, आणि माशाच्या तोंडातून गळ काढायला काय? बोटं, दात, नाहीतर घरातली सांडशी. वयनी चुलीपाशी सांडशी शोधत बसते आणि ती तिकडे होडीच्या पुढच्या खणात गंजत पडलेली असते. काही होड्यांवर पक्कड असते, पण ती इंजिनाच्या डब्यातली, ग्रीसने माखलेली, सांधा जाम झालेला, उघडायला दोन हात लागणारी. एका हातात तडफडणारा मासा धरलेला असताना दोन हातांनी उघडायची पक्कड म्हणजे नसल्यातच जमा.

आमचं मत असं की प्रत्येक होडीवर फक्त मासेमारीसाठी दोन हत्यारं असायला हवीत. एक लांब नाकाची पक्कड, आणि एक असा कटर जो आपल्या होडीवरचा जाड गळ खरोखर कापतो. दोन्ही मिळून साधारण हजार रुपयांच्या आत बसतात, दुकानागणिक थोडं इकडेतिकडे. आणि हा खर्च होडीचा धरावा, खलाशाच्या खिशातला नाही. या शेवटच्या वाक्यावर काही मालकांचं तोंड वाकडं होईल हे ठाऊक आहे. त्यावर पुढे येतो.

आधी कामं काय ती बघू. सांगट सगळ्यांना माहीत आहे. पाठीवर एक आणि कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक, असे तीन काटे. काटा करवतीसारखा दातेरी आणि वर विषारी. जाळ्यातून सोडवताना पकडीने काटे मोडले आणि मग मासा हातात घेतला तर काही होत नाही. पण घाईत हाताने ओढला की तळहातात काटा घुसतो आणि माणूस रात्रभर कण्हतो. वागळ्याच्या शेपटीवरचा काटा तर याहून वाईट. कुर्ल्या जाळ्यात गुंतल्या की फांगडा पकडीने धरून सोडवता येतो, नाहीतर बोट जातं किंवा रागाने जाळं फाडलं जातं.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. सांगट किंवा वागळ्याचा काटा लागला तर जखम धुऊन सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून ठेवा, साधारण ४५ अंशांच्या आसपास, अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत. उष्णतेने ते विष निकामी होतं आणि ठणका उतरतो. मात्र पाण्यात आधी दुसऱ्या कोणीतरी हात घालून बघावा, कारण ठणकणाऱ्या हाताला चटका कळत नाही आणि वर भाजून निघतं. काटा तुटून आत राहिला असेल, सूज चढत असेल किंवा माणसाला मधुमेह असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट डॉक्टरकडे.

आता गळाचं. आपल्यापैकी जे गरीने इसवण, तांबोशी, गोब्रा मारतात त्यांना हे जास्त लागू. एका दोरीवर अनेक गळ असतात. मासा होडीत आला की उसळतो, आणि त्याच्या तोंडातला नाही तर शेजारचा मोकळा गळ बोटात शिरतो. उलट्या काट्यापर्यंत आत गेला की तो ओढून निघत नाही, ओढला तर मांस फाडून निघतो. आणि दुसऱ्या टोकाला मासा अजून उड्या मारत असतो, म्हणजे प्रत्येक उडीला गळ आणखी आत. अशा वेळी पहिलं काम म्हणजे दोरी कापणे. माणूस माशापासून वेगळा करायचा. मग गळ कातडीत वरवर असेल आणि टोक बाहेरच्या बाजूला आलेलं दिसत असेल, तर ते टोक पुढे काढून, उलटा काटा कटरने कापून, उरलेला गळ आला त्या वाटेने मागे घेतात. डोळ्याजवळ, सांध्यात, किंवा खोल रुतला असेल तर अजिबात हात लावू नये. फक्त दोरी आणि गळाची बाहेरची दांडी कापावी, गळ हलणार नाही असा कपडा बांधावा, किनाऱ्यावर फोन करून १०८ बोलावून ठेवावी. काही झालं तरी धनुर्वाताचं इंजेक्शन चुकवू नये.

हे सगळं वाचायला सोपं. पण यातलं एकही काम कापणाऱ्या कटरशिवाय होत नाही, आणि आपल्याकडे असलेले बहुतेक कटर गळ कापत नाहीत. गळ म्हणजे कडक केलेलं पोलाद. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा साईड कटर विजेच्या कामाचा, तांब्याच्या मऊ तारेसाठी केलेला. त्याने तंगूस कापला जातो म्हणून आपल्याला वाटतं हत्यार चांगलं आहे. जाड गळावर दाबला की धारेलाच खाच पडते आणि गळ तसाच. हे घरी बसून कळलं तर शंभर-दीडशे रुपयांचं नुकसान. पाण्यात असताना, बोटात गळ असताना कळलं तर काय, ते सांगायला नको.

म्हणून शीर्षकात लिहिलं ते मनापासून लिहिलं आहे. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजाराला जाल तेव्हा आपल्या होडीवरचे दोन गळ सोबत न्या, सगळ्यात जाड एक आणि रोजचा एक. टोकाला बुचाचा तुकडा लावून डब्यात घालून न्या, खिशात नको! दुकानदाराला आधीच सांगा, कापून बघणार, कापला तर घेणार. चांगला दुकानदार नाही म्हणत नाही. जो म्हणतो ‘घरी जाऊन बघा’, त्याच्याकडचं हत्यार त्याच्याकडेच राहू दे. कापताना गळ कटरच्या टोकात धरू नका, सांध्याजवळ धरा, तिथे जोर जास्त बसतो. वरून फडकं धरा, कारण कापलेला तुकडा गोळीसारखा उडतो आणि डोळ्यात जाऊ शकतो. कापून झाल्यावर धार उजेडाकडे धरून बघा. खाच दिसली तर ठेवून द्या. जाड गळ हातातल्या कटरने कापलाच जात नसेल तर छोटा बोल्ट कटर बघा, आठ ते बारा इंची. दिसायला ओबडधोबड, पण जाड गळासाठी त्याच्यासारखं स्वस्त आणि खात्रीचं काही नाही. आमच्या मते मोठे गळ वापरणाऱ्या प्रत्येक होडीवर तो असावा.

लांब नाकाची पक्कड घेताना वेगळं बघायचं. तोंड मिटून उजेडासमोर धरा. टोकाला टोक नीट बसलं पाहिजे, मध्ये फट दिसता कामा नये, नाहीतर बारीक गळ निसटतो. सांधा डावी-उजवीकडे हलवून बघा, खुळखुळत असेल तर सहा महिन्यांत जबडा तिरका होणार. दांडीत स्प्रिंग असली तर उत्तम, दाब सोडला की आपोआप उघडते आणि एक हात मोकळा राहतो. लांबी किती? बांगडा-मुड्डोशीसाठी सहा इंच पुरते. चोणक, गोब्रा, मोरी असा मोठ्या तोंडाचा मासा असेल तर आठ इंचांच्या खाली घेऊ नका, हात दातांपासून लांब राहिला पाहिजे. केंड तर बोटाची पर्वाच करत नाही, तोही गळाला लागतो.

एक युक्ती. हात साबणाच्या पाण्यात बुडवून पक्कड धरून बघा. माशाच्या बुळबुळीत हातात ती कशी वागेल ते लगेच कळतं. गुळगुळीत चकचकीत दांडी दुकानात छान दिसते, होडीवर निसटते.

दांडीवरच्या रंगीत प्लास्टिकबद्दल थोडं. त्यावर ‘१००० व्होल्ट’ असं छापलेलं असतं, ते वायरमनसाठी. आपल्याला त्याचा उपयोग शून्य. उलट त्या नळीच्या आत खारं पाणी शिरतं आणि बाहेर येत नाही, आतून दांडी सडते. बाहेरून पक्कड नवी दिसते आणि एक दिवस दांडी हातात येते. नळी सैल असेल तर काढूनच टाका आणि दांडीवर जाळ्याची जुनी सुतळी घट्ट गुंडाळा. पकड चांगली बसते आणि खराब झाली की बदलता येते.

मग सगळे विचारतात, स्टेनलेस घ्यावी का? घ्या, पण पाकिटावर ‘स्टेनलेस’ छापलंय एवढ्यावर भाळू नका. स्टेनलेस अनेक जातीचं असतं. भांड्यांचं ३०४ खाऱ्या पाण्यात बऱ्यापैकी टिकतं, पण ते मऊ, त्याची धार गळापुढे टिकत नाही. ४२० सारखं स्टेनलेस कडक करता येतं, धार राहते, पण निगा नसेल तर तेही गंजतं. चुंबक लावून बघणारे हुशार लोक आहेत, चुंबक चिकटला की ‘फसवलं’ म्हणतात. तसं नाही. ४२० ला चुंबक चिकटतोच, आणि धारेसाठी तेच हवं. साध्या कार्बन पोलादाची पक्कड मजबूत असते, फक्त तिला रोज पुसावं लागतं. वरून चकचकीत मुलामा दिलेली सगळ्यात फसवी, कारण मुलामा सांध्याजवळ उडाला की खालचं लोखंड गंजायला लागतं आणि ते दिसतही नाही. आमचं मत विचाराल तर बजेट कमी असेल तेव्हा साधी पण नावाजलेल्या कंपनीची पोलादी पक्कड घ्या. आयएसआयची खूण असेल तर बरंच, साईड कटिंगच्या साध्या पकडीला आयएस ३६५० हे मानक आहे. मात्र ती खूण मजबुतीची, खाऱ्या पाण्याची हमी नव्हे. ते आपल्या हातात.

आता मोबाईलवर दिसणाऱ्या रंगीबेरंगी पकडी. तरुण पोरं व्हिडिओ दाखवतात, लाल-निळ्या अल्युमिनियमच्या, कमरेला म्यान, स्प्रिंगचा गोफ. छंद म्हणून गरवायला येणाऱ्यांसाठी त्या ठीक आहेत, ते दिवसात चार मासे काढतात आणि त्यातले दोन फोटो काढून सोडतात. आपण एका फेरीत शेकडो गळ सोडवतो. अल्युमिनियमच्या अंगात पोलादी जबडे बारीक स्क्रूने बसवलेले असतात. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी, म्हणजे सांध्यात पांढरी भुकटी जमते, धातू खाल्ला जातो, स्क्रू ढिला होतो. टिटॅनियमची पक्कड खरोखर गंजत नाही, पण तिच्या किमतीत आपलं एक जाळं येतं. पोरांनो, हौस करा, पण स्वतःच्या पैशाने आणि होडीच्या पकडीच्या बदल्यात नाही. त्यांच्या एका गोष्टीचं मात्र कौतुक आहे. ब्रेडेड दोरी कापायला त्यांच्या पकडीत कार्बाइडची धार असते आणि ती सफाईने कापते. आपण तेच काम चांगल्या कात्रीने करू शकतो.

काही जुने जाणते म्हणतात, आमच्या बापाने दाताने दोरी तोडली, तुम्हाला कशाला पक्कड? मान ठेवून सांगतो, त्यांच्या हातात सुताची आणि तागाची दोरी होती. ती दाताने तुटायची, बोटाला गुंडाळली तर आधी दोरी तुटायची. नायलॉन आल्यावर ते संपलं. आज तंगूस बोटाला गुंडाळून मोठा मासा ओढला तर बोट कापलं जातं, दोरी नाही. हत्यार बदललं तर त्याच्या जोडीचं हत्यारही बदलायला हवं.

एक पक्कड इंजिनासाठी वेगळी ठेवा, हेही तितकंच खरं. प्रोपेलरला जाळं गुंडाळलं की कॉटर पिन काढायला पक्कड लागतेच, आणि ती भर समुद्रात शोधायची वेळ नसते. पण तीच पक्कड नटबोल्टावर फिरवून फिरवून दात गुळगुळीत झाले की गळ धरत नाही. शिवाय डिझेल-ग्रीसचा हात माशाला लागला की घेणारा वास घेऊन दर पाडतो. तो काही चुकीचं करत नाही.

आता पैशाचं. आपल्या होड्यांवर विक्रीच्या रकमेतून पेट्रोल, बर्फ, जेवण वजा होतं आणि मग वाटे पडतात. बर्फ माशासाठी, पेट्रोल होडीसाठी, मग हातासाठी काय? हजार रुपये म्हणजे आजच्या भावाने दहा-अकरा लिटर पेट्रोल. हा खर्च मोसमातून एकदा, तोही सगळ्यांच्या वाट्यातून थोडा थोडा. एका खलाशाचा हात आठ दिवस बांधलेला राहिला तर त्याचा वाटा बुडतो, आणि होडीही एका हाताने अपुरी जाते. मालकाला वेगळा हिशोब मांडून दाखवायची गरज नाही.

मालीमला, कुटबणला ट्रॉलरवर बघा. निवडायला बसलेली पोरं ओडिशाची, झारखंडची, कर्नाटकातली. त्यांना इथली भाषा अर्धी येते, मालकाकडे पक्कड मागायची हिंमत होत नाही. उघड्या हाताने ढिगात हात घालतात आणि ढिगात सांगट असतोच. आपल्या पेडण्यात होड्या लहान, बहुतेक घरचीच माणसं, पण आता आपल्याकडेही दोन-चार होड्यांवर बाहेरगावची मुलं येऊ लागलीत. त्यांच्या हातालाही तेवढंच दुखतं.

मालकांची तक्रार असते, ‘दिली तर समुद्रात पाडतात.’ खरं आहे, पाडतात. म्हणून बांधून ठेवा. हातभर दोरी, एक टोक दांडीच्या भोकात, दुसरं होडीच्या आतल्या आडव्या फळीला. कमरेला किंवा मनगटाला बांधू नका, जाळं सुटताना अडकली तर माणूस ओढला जाईल. बोया लावून तरंगती ठेवायची असेल तर आधी बादलीत टाकून बघा. जाळ्याची एक लहान बोय आठ इंची पोलादी पकडीला पेलत नाही, दोन-तीन लागतात.

आणि निगा. किनाऱ्याला लागलात की गोड्या पाण्यात बुचकळा, चार वेळा उघडझाप करा म्हणजे सांध्यातलं मीठ निघेल, फडक्याने पुसा, सांध्यात मशीन ऑइलचा थेंब. खोबरेल नको, ते चिकट होऊन सांधा धरतं. दोन मिनिटांचं काम आहे. बंदीच्या दोन महिन्यांत तेलाच्या फडक्यात गुंडाळून घरात ठेवा, होडीत नाही. ज्यांच्या पकडी मागच्या मेमध्ये होडीतच राहिल्या, त्यांनी आज जाऊन उघडून बघाव्यात. उघडल्या तर!

जाता जाता एक. मोरजी-मांद्र्याच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात, ती कधी आपल्या जाळ्यात, कधी गळाला लागतात. कायद्याने त्यांना पूर्ण संरक्षण आहे, आणि आपल्यालाही ती नकोच असतात. हातात चांगला कटर असेल तर जाळ्याचे चार डोळे कापून कासव सुटतं. नसेल तर हातभर जाळं फाटतं आणि कासवही जखमी.

संस्थेतर्फे यंदा एकत्र खरेदी करायचं ठरलं आहे. लांब नाकाच्या आठ इंची पकडी आणि छोटे बोल्ट कटर, दोन्ही घाऊक दराने. नावं २५ जुलैपर्यंत कार्यालयात नोंदवावीत, पैसे पहिल्या विक्रीतून वळते केले तरी चालतील. नमुने कार्यालयात येऊन पडलेत, अजून एकही पसंत केलेला नाही. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता या आणि आपला सगळ्यात जाड गळ घेऊन या. टेबलावर फडकं ठेवलेलं असेल. ज्याच्या कटरने गळ कापले जातील त्याच्याकडून घेऊ, नाही कापले तर नमुने परत.